आजारातून उठल्यावर पुन्हा व्यायाम: हुरूप नसताना सुरुवात कशी करायची

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, असं जुनी माणसं म्हणतात. नियमित व्यायाम करणाऱ्याला यातला पहिला भाग पटतो, दुसरा पटत नाही. ताप उतरला, रिपोर्ट बरे आले, डॉक्टर 'आता काळजी नाही' म्हणाले की त्याच्या मनात लगेच येतं, उद्यापासून पूर्वीसारखं सुरू करायचं.

मीही तेच केलं होतं. न्यूमोनियाने सोळा दिवस अंथरुणात काढले होते. त्याआधी रोज सकाळी पाच किलोमीटर झपझप चालणं आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं, असा माझा चार वर्षांचा नेम होता. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पाचव्या दिवशी मी बूट घालून नेहमीच्या रस्त्याला लागले. तिसऱ्या विजेच्या खांबापाशी मांड्या थरथरायला लागल्या, कानांत स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू यायला लागले. खांबाला हात टेकून मी तशीच उभी राहिले, श्वास जागेवर येईपर्यंत. घरी आले, बूट काढले, आणि ते पुढचे पाच आठवडे तिथेच पडून राहिले. आजाराने सोळा दिवस घेतले होते. त्या एका सकाळीने पाच आठवडे घेतले.

आजारातून, ऑपरेशनमधून किंवा लांबलेल्या तापातून उठून जे पहिल्यांदाच अशा वळणावर आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. या काळात व्यायामात मन लागत नाही, त्यामागे आळस फार क्वचित असतो. आपण आजच्या शरीराला जुन्या आकड्यांनी मोजतो आणि रोज नापास करतो. रोज नापास होणाऱ्या मुलाला शाळेत जावंसं वाटेल का? मोजपट्टी बदलली की हुरूप हळूहळू परत येतो. ती कशी बदलायची, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: शरीराची तयारी आहे का ते पाहा

मनाचा विचार नंतर. आधी शरीर. ताप अंगात असताना व्यायाम नाही, मग तो कितीही हलका असो. काही विषाणूंच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ज्यांना ही सूज, म्हणजे मायोकार्डायटिस, झाल्याचं निदान होतं, त्या खेळाडूंनाही साधारण तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळापासून लांब ठेवतात. 'घाम गाळला की ताप निघून जातो' हा समज अजूनही ऐकू येतो. कृपा करून त्याच्या वाटेला जाऊ नका.

साध्या सर्दीसाठी एक सोपा नियम सांगितला जातो. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा थोडा खवखवतोय, तर हलकी हालचाल चालते. त्रास मानेच्या खाली उतरला असेल, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, जुलाब, थंडी-ताप, तर विश्रांती. हा नियम किरकोळ दुखण्यांपुरता आहे. मोठ्या आजाराला तो लावू नका.

मोठ्या आजारानंतर स्वतःला चार प्रश्न विचारा. तापाची गोळी न घेता ताप गेल्याला आठवडा झाला का? अंघोळ, कपडे घालणं, घरातल्या घरात वावरणं हे दम न लागता होतं का? सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर सावकाश चालून नेहमीच्या श्वासाने परत येता का? आणि रात्रीची झोप झाल्यावर सकाळी थोडं तरी ताजंतवानं वाटतं का? एकाही प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तर आणखी थांबा. थांबणं हासुद्धा या कार्यक्रमाचाच भाग आहे.

हृदयविकार, ऑपरेशन, फुप्फुसांचा संसर्ग, रुग्णालयातला मुक्काम, गरोदरपणातलं किंवा बाळंतपणानंतरचं आजारपण यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. त्यांना 'व्यायाम करू का?' असं मोघम विचारलं की 'करा, पण जपून' असं मोघम उत्तर मिळतं. नेमकं विचारा: किती मिनिटं चालू? किती वजन उचललेलं चालेल? जिना चालेल का? कोणत्या लक्षणावर थांबू? पोटाच्या ऑपरेशननंतर टाक्यांवर ताण येणारं वजन कधीपासून उचलायचं, हे फक्त ऑपरेशन करणारेच सांगू शकतात. ग्रंथींच्या तापात, म्हणजे मोनोन्यूक्लिओसिसमध्ये, प्लीहा सुजलेली असते. त्यात किमान तीन-चार आठवडे धक्का लागणारे खेळ आणि जड वजनं वर्ज्य असतात.

काही लक्षणांवर तिथल्या तिथे थांबून वैद्यकीय मदत घ्यायची: छातीत दुखणं किंवा दाब वाटणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, ठोके अनियमित पडणं, बसल्याजागी धाप लागणं. आणखी एक लक्षण लोक विसरतात. अंथरुणात बरेच दिवस काढल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली, तर तो 'पाय आखडला' समजून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

दुसरी पायरी: ताकद गेली कुठे, हे समजून घ्या

ही पायरी वाचून सोडून द्यावीशी वाटेल. पण मला सगळ्यात जास्त धीर हिनेच दिला.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. सगळे साधारण वीस वर्षांचे. त्यांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्या तीन आठवड्यांत एक चतुर्थांशाहून जास्त घटली. लक्षात घ्या, त्यांना काहीही आजार नव्हता. ते नुसते पडून होते. मग सुमारे दोन महिने त्यांच्याकडून पद्धतशीर व्यायाम करून घेतला आणि क्षमता परत आली. तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर असं दिसलं की मधल्या तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने घटली होती. पन्नाशीतल्या त्या पाचांना पुन्हा सहा महिने व्यायाम दिला आणि वयाने झालेली घटही भरून निघाली.

आता याच्यात ताप, भूक मेलेली, झोपेचं खोबरं आणि औषधांचा मारा मिळवा. जिन्याच्या पहिल्या वळणावर तुमचा दम का निघतो, ते कळेल. पडून राहिल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग कमी होतो, म्हणून हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त वेळा धडधडावं लागतं आणि झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. शरीराचा भार पेलणारे मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू सर्वांत आधी झडतात. यांतलं काहीही तुमच्या इच्छाशक्तीचं माप नाही.

आणि आधी व्यायाम केलेल्या माणसाला परतीची वाट तुलनेने सोपी असते. शिकलेली हालचाल मेंदू विसरत नाही आणि पूर्वी कमावलेला स्नायू नव्याने कमवायच्या स्नायूपेक्षा लवकर भरतो. मात्र 'लवकर' याचा अर्थ आठवडे आणि महिने. दिवस नव्हेत.

तिसरी पायरी: जुनी वही मिटा

माझ्याकडे व्यायामाची वही होती. आजारपणाआधीची शेवटची नोंद ५.२ किलोमीटर, ५१ मिनिटं. त्याखाली कोरी पानं. मी रोज ते पान उघडायचे आणि मिटायचे. काही काळानंतर ध्यानात आलं की ती नोंद मला बोलावत नव्हती, हिणवत होती. मग मी ती वही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि नवी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं: 'चाललेली मिनिटं: ४. नंतर कसं वाटलं: ठीक.'

तुम्ही मोबाइलच्या ॲपवर किंवा घड्याळावर नोंदी ठेवत असाल तर तिथेही हेच करा. रोजचं लक्ष्य बदला, साप्ताहिक तुलना बंद करा. 'गेल्या महिन्यापेक्षा तुम्ही ८० टक्के कमी चाललात' असा संदेश पाठवणाऱ्या यंत्राला तुम्ही आजारी होतात हे माहीत नसतं. मित्रमंडळींच्या पावलांच्या स्पर्धेतूनही काही दिवस बाहेर पडा. यात कमीपणा काही नाही.

नव्या वहीत तीनच गोष्टी असाव्यात. एक, काय केलं. दोन, करताना किती कष्ट पडले. तीन, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं. वजन, कॅलरी, वेग, अंतर यांना सहा आठवडे सुट्टी द्या.

कष्ट मोजायला स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी केलेली पट्टी उत्तम आहे. ती ६ पासून २० पर्यंत जाते. ६ म्हणजे स्वस्थ बसलेलो, २० म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही. आकडे असे विचित्र का? निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला दहाने गुणलं की नाडीचे ठोके साधारण कळावेत, म्हणून. ९ म्हणजे अगदी हलकं, ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा कष्टाचं. पहिले दोन आठवडे ११ ही तुमची लक्ष्मणरेषा. आकड्यांचा कंटाळा असेल तर बोलून पाहा. चालता चालता पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, जमलं तर एखादी ओळ गुणगुणताही आली पाहिजे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी फारशी वाढू देत नाहीत. त्या चालू असतील तर घड्याळावरच्या ठोक्यांपेक्षा ही पट्टीच भरवशाची.

चौथी पायरी: पहिले दोन आठवडे, आणि हसू येईल इतकी छोटी सुरुवात

पहिल्या आठवड्याचा व्यायाम असा ठरवा की सर्वांत वाईट दिवशीही तो होईल. चांगल्या दिवशी काय झेपेल हे इथे विचारायचंच नाही. माझ्यासाठी ती चार मिनिटं होती: घराच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. कुणासाठी ती पलंगाच्या कडेवर बसून दहा वेळा पाय सरळ करणं असेल. कुणी वीस मिनिटांपासूनही सुरुवात करू शकेल. जो आकडा सहज वाटतो, त्याच्या निम्म्यावर उतरा. तिथून सुरू करा.

रोजचा कार्यक्रम पुढच्यासारखा ठेवता येईल.

सुरुवातीला दोन मिनिटं दीर्घ श्वास. नाकाने सावकाश आत, पोट फुगू द्यायचं, तोंडाने त्याहून सावकाश बाहेर. छातीच्या आजारातून उठलेल्यांनी हे वगळू नये.

मग खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पुढे झुका आणि उठा. बसताना धपकन बसू नका, तीन आकडे मोजत खाली या, कारण मांड्यांचा खरा कस उतरताना लागतो. हाताचा आधार लागत असेल तर घ्या. पाच वेळा पुरे. मांड्यांचं बळ आलं की जिना, स्वच्छतागृह, बसमध्ये चढणं, सगळंच सुटसुटीत होतं. एकच व्यायाम करायचं ठरवलंत तर हा करा.

त्यानंतर भिंतीला हात टेकून जोर, पाच ते आठ. जमिनीवरचे जोर सध्या नकोत.

शेवटी सपाट जागेवर चालणं, ठरवलेली मिनिटं. परतीचं अंतरही मोजायचं, हे नवीन माणूस हमखास विसरतो. बरं वाटतंय म्हणून लांब जातो आणि अडकतो. त्यापेक्षा घराभोवती छोट्या फेऱ्या मारा किंवा वाटेत बसायला जागा असेल असा रस्ता निवडा.

एवढंच. पंधरा मिनिटांच्या आत संपतं. एकत्र जमत नसेल तर दिवसभरात तुकडे करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. पण सलग किमान दहा मिनिटं झाली तरच ती मोजायची, ही जुनी अट त्यात उरलेली नाही. तीन-तीन मिनिटंही मोजली जातात. दीडशेचा आकडा मात्र आत्ता डोळ्यांसमोर ठेवू नका. तो काही महिन्यांनंतरचा मुक्काम आहे.

पाचवी पायरी: मन होत नाही तेव्हा

आता मूळ दुखण्याकडे येऊ. 'मन झालं की सुरू करीन' असं आपण म्हणतो. आजारपणानंतर हा क्रम उलटा चालतो. आधी हालचाल, मग थोडं बरं वाटणं, आणि त्यातून उद्याची इच्छा. उदास माणसांवरच्या मानसोपचारातही हाच क्रम वापरतात, आधी छोटी कृती ठरवून करायची, भावना मागून येऊ द्यायची. मन होण्याची वाट बघत बसलं तर मी अजूनही बसून असते.

पण 'जोर लावून कर' एवढंच सांगणं पुरत नाही. ज्याच्या अंगात त्राण नाही, त्याच्याकडे रोज निर्णय घेण्याचीही ताकद नसते. म्हणून निर्णय एकदाच घ्यायचा आणि तो एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधून टाकायचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी याला 'जर-तर'चं रूप दिलं. 'मी व्यायाम करीन' हे ठरवणं ढिलं राहतं. 'सकाळची गोळी घेतली, की ग्लास ठेवून खुर्चीवरून पाच वेळा उठेन' हे पक्कं. त्यात वेळ, जागा आणि खूण तिन्ही आहेत. आजारातून उठलेल्या माणसाकडे औषधाच्या ठरलेल्या वेळा असतातच. त्यांचा असा उपयोग करून घ्या. अडचणींसाठीही वाक्यं करून ठेवा: 'पाऊस असेल, तर घरातच येरझाऱ्या.' 'रात्री झोप झाली नसेल, तर फक्त श्वास आणि उठबस.'

वाट अडवणाऱ्या वस्तू आदल्या रात्री बाजूला करा. बूट दाराशी, मोजे बुटात, खुर्ची भिंतीला लावलेली. क्षुल्लक वाटेल. पण सकाळी मोजा शोधण्याच्या त्या अर्ध्या मिनिटातच बहुतेक दिवस हातचे जातात.

मनातला एक आवाज ओळखून ठेवा: 'एवढ्याने काय होणार?' हा आवाज चार मिनिटांच्या चालण्याच्या वेळी सर्वांत मोठा असतो. त्याच्याशी वाद घालू नका, वादात तोच जिंकतो. त्याला म्हणा, होऊ दे थोडंच, आणि दार उघडा. पहिल्या दोन आठवड्यांत तुम्ही ताकद कमवत नसता, येण्या-जाण्याची वाट मळवत असता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांवर केलेला, २०१० साली छापून आलेला एक अभ्यास आहे. नवी सवय आपोआप घडू लागायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे ऐकून बाविसाव्या दिवशी निराश झालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. छातीत धडधडलं की 'परत तेच सुरू झालं का?' ही शंका येते, आणि माणूस हालचालच टाळतो. याला कुणी आळस म्हटलं तर ते अन्यायाचं आहे. अशा वेळी पहिले काही दिवस कुणाच्या तरी सोबतीने चाला, मोबाइल खिशात ठेवा, आणि धडधड किती मिनिटांत शांत होते ते वहीत लिहा. माझी आधी सात मिनिटं लागायची, तिसऱ्या आठवड्यात तीन. ते आकडे पाहून भीती जितकी कमी झाली तितकी कुणाच्या समजावण्याने झाली नव्हती. हृदयविकारानंतर किंवा फुप्फुसाच्या आजारानंतर जमल्यास फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पुनर्वसनाचा कार्यक्रम घ्या. तिथे ही भीती ओळखणारी माणसं असतात.

आणि व्यायामच नव्हे, कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. मोठ्या आजारानंतर नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. रक्त कमी असणं, थायरॉइडचा बिघाड यांनीही माणूस असाच गळून जातो, आणि ते साध्या तपासणीत कळतं.

सहावी पायरी: दुसऱ्या सकाळची परीक्षा

व्यायाम झेपला की नाही, हे व्यायाम करताना कळत नाही. दुसऱ्या दिवशी कळतं. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहाएक ठोके जास्त असतील, अंग जड असेल, तर त्या दिवशी विश्रांती किंवा निम्मं. मांड्या-पोटऱ्या दुखणं वेगळं. नव्या कामाने स्नायू एक ते तीन दिवस दुखतात, हलवले की मोकळे होतात, त्याला घाबरू नका.

मात्र एक प्रकार नीट ओळखा. हलक्याशा श्रमानंतर, अनेकदा १२ ते ४८ तासांनी, माणूस पार कोसळतो. डोकं चालत नाही, झोपून थकवा जात नाही, जुनी लक्षणं परत येतात, आणि हे कित्येक दिवस टिकतं. कोविडनंतर आणि इतर काही विषाणूंच्या आजारांनंतर हे दिसतं. क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं, म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराचं, ते मुख्य लक्षण आहे. इथे 'रोज थोडं वाढवत जा' हा सल्ला अपाय करतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली क्रॉनिक फटीग सिंड्रोमसाठीच्या आपल्या मार्गदर्शनातून ठरावीक टप्प्यांनी वाढवायचा व्यायाम काढून टाकला, तो याच अनुभवावरून. तुमच्या वहीत असा नमुना दोनदा दिसला तर या लेखातली वाढवण्याची पायरी बाजूला ठेवा, कोसळण्याच्या रेषेच्या आत राहून दिवसाची ताकद वाटून वापरा, आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा वेळी स्वतःला ढकलणं म्हणजे चिकाटी नव्हे.

सातवी पायरी: वाढवायचं कधी, किती

ओळीने सात दिवस कष्ट ११ च्या आत राहिले आणि दुसरी सकाळ ठीक गेली, तरच वाढवा. एका वेळी एकच गोष्ट: मिनिटं वाढवलीत तर वेग तोच, उठबशा वाढवल्या तर चालणं तेवढंच. चार मिनिटांची सहा, सहाची आठ. आधी दिवस वाढवा, मग मिनिटं, मग वेग आणि चढ, सर्वांत शेवटी वजनं. वजनांकडे परतताना आजाराआधीच्या निम्म्यापेक्षाही खालून सुरू करा आणि श्वास रोखून उचलू नका.

चांगल्या दिवसापासून सावध राहा. वाईट दिवशी माणूस आपोआप जपतो. घात चांगल्या दिवशी होतो, अंग हलकं वाटतं, ऊन कोवळं असतं, आणि चारऐवजी वीस मिनिटं होतात. त्या दिवशीही ठरलेलं तेवढंच करून घरी या. उरलेली ताकद उद्याला लागते.

पंधरा दिवसांनी एकदा, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात छातीवर ठेवून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. उठताना आधार लागत असेल तोवर हे मोजमाप पुढे ढकला. माझे पहिल्यांदा सात झाले, सहा आठवड्यांनी तेरा. जुन्या वहीत हा आकडा नव्हताच, त्यामुळे तुलना करायला फक्त नवी मी होते. तुमच्यासाठी असं एक तरी माप शोधा ज्याला आजारपणाआधीचा इतिहास नाही.

घरच्यांना काय सांगायचं

घरात दोन प्रकारची माणसं असतात. एक म्हणतं 'पडून राहा, कशाला दगदग', दुसरं म्हणतं 'उठ आता, किती दिवस लोळणार'. दोघांचा जीव तुमच्यावर असतो आणि दोघंही थकवतात. त्यांना वही दाखवा. 'या आठवड्यात एवढंच, डॉक्टरांना विचारून' एवढं वाक्य पुरतं. ज्याला मदत करायची आहे त्याला ठोस काम द्या: संध्याकाळी सात मिनिटं माझ्याबरोबर चल, आणि माझ्या वेगाने चाल.

खाडा पडला तर

पडणारच. पाहुणे येतील, पुन्हा सर्दी होईल, औषध बदलेल. एक-दोन दिवसांचा खाडा असेल तर जिथे होता तिथूनच सुरू करा. चुकलेलं भरून काढायला दुप्पट करू नका. आठवडाभराचा असेल तर शेवटच्या मिनिटांच्या निम्म्यावर या आणि दोन-तीन दिवस दुसरी सकाळ पाहून पुन्हा वाढवा. मध्ये ताप आला असेल तर सरळ पहिल्या पायरीवर, चार प्रश्नांपाशी. दुसऱ्या खेपेला या पायऱ्या बहुधा लवकर चढून होतात, कारण वाट माहीत असते आणि वहीत आधीची पानं असतात. खाडा पडलेल्या दिवसाची जागा कोरी सोडू नका, तिथे कारण लिहा: 'ताप', 'प्रवास', 'झोप नाही'. महिन्याभराने पानं चाळताना एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं, तर त्याच्यासाठी एक नवं जर-तर वाक्य लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.